‘ल’च्या खणात ‘न’

६ फेब्रुवारी १९३४, मंगळवार
उजव्या खांद्यातून कळ निघते ती थेट अंगठ्यापर्यंत. तिसरा आठवडा. अंगठा आणि शेजारचं बोट सुन्न. लिहिताना टाक सुटतो, म्हणून थोडकंच. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. सौ. म्हणाली, असं डोक्याला हात लावून बसू नका, घरात बरं दिसत नाही. काढला. पुन्हा कळ.

९ फेब्रु., शुक्र.
छापखान्यात गोंधळ. नव्या पेठेतल्या कापडवाल्यांच्या मुलीची लग्नपत्रिका. ‘मालती’ची ‘मानती’ होऊन छापली गेली. सगळ्या प्रती वाया. अक्षरांच्या खिळ्यांची जुळणी माझी. (प्रूफ मालकांनीच पाहिलं होतं, पण ते कोण बोलणार.)
मालकांना म्हणालो, वीस वर्षं खणांकडे न बघता खिळे उचलतोय. ‘ल’च्या खणात ‘न’ पडलेला असेल तर माझा काय दोष? छापून झालेले खिळे परत खणांत टाकायचं काम सिद्धप्पाचं.
संध्याकाळी थोडे मीही टाकतो. ते बोललो नाही.

१० फेब्रु.
सिद्धप्पाला काढला. अक्कलकोटकडचा माणूस, दहा वर्षं माझ्या शेजारी उभा. डबा उचलला, माझ्याकडे एकदा बघितलं, गेला.
दिवसभर त्याची जागा दिसत होती.

१५ फेब्रु.
मशीनवरचे रसूलभाई हाडवैद्याकडे घेऊन गेले. त्याने तेल चोळलं आणि न सांगता मानेला झटका दिला. डोळ्यांपुढे अंधारी. आता कळ थांबतच नाही. रसूलभाई परतताना सारखं म्हणत होते, “माफ करो बापूराव, मेरेकू क्या मालूम.” त्यांची काय चूक.

१८ फेब्रु., रवि.
सौ. हट्टाने डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉ. गो. तिच्या माहेरचे ओळखीचे. हाताला हात लावायच्या आधी बराच वेळ नुसतं विचारत होते. सौ.ने सांगितलं, हे सारखा हात डोक्यावर ठेवतात, मी रागावते. डॉक्टर म्हणाले, “रागावू नका. त्यांचं शरीर मला तेच सांगतंय.”
टाचणी टोचून पाहिली. डावीकडे लागली, उजव्या अंगठ्याला जवळजवळ नाहीच. रबरी हातोडी मारली तर डावा हात उडाला, उजवा मढ्यासारखा. मग डोकं उजवीकडे कलतं करून हळूच दाबलं. अंगठ्यापर्यंत वीज. मी ओरडलो. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं वर उचलून धरलं, आणि कळ गेली. तेवढ्यापुरती.
“दुखतो हात, पण बिघाड मानेत आहे. मणक्यांतून हाताकडे येणारी शीर दबली आहे. वीस वर्षं मान खाली घालून उभे आहात.”
मी विचारलं, बोटांनी काम चुकू शकतं का? म्हणाले, चुकेल, आणि तुम्हाला कळणारही नाही.

१९ फेब्रु.
सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. छापून झालेली एक ओळ घेतली, नेहमीसारखे खिळे खणांत टाकले, मग वाकून बघितलं. तीन खिळे शेजारच्या खणात. बोटाला पत्ता नाही.
म्हणजे तो ‘न’...

२५ फेब्रु.
डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सौ.ने जाड कापडाचा पट्टा शिवला. हनुवटीखालून आणि डोक्यामागून. त्याला दोरी, दोरी तुळईच्या कप्पीवरून, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी. खाली खुर्चीत मी. सकाळ-संध्याकाळ. शेजारच्या काकू ताक मागायला आल्या, दारातून बघितलं आणि किंचाळत परत. सौ.ला मागे धावावं लागलं.
तसा बसलो की सिद्धप्पाचं बघणं आठवतं. मान हलवता येत नाही.

४ मार्च
कळ निम्मी. सौ.च्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी उजेड. अंगठा तसाच. डॉक्टर म्हणाले, “कळ जाईल. बोटांचं मी सांगत नाही.”

११ मार्च, रवि.
सिद्धप्पाच्या घरी गेलो. हल्ली एका हातमागवाल्याकडे सुताचे गठ्ठे वाहतो. खांद्यावर वळ. त्याच्या बायकोने चहा ठेवला. सगळं सांगितलं.
तो म्हणाला, “मला ठावं हुतं, बापूराव.”
पंधरा-वीस दिवस रोज सकाळी लवकर येऊन तो माझे खण तपासायचा. चुकीचे खिळे काढून जागेवर ठेवायचा. पत्रिकेच्या दिवशी पोराला ताप होता म्हणून उशीर झाला. तेवढा एकच दिवस.
मालकांना का नाही सांगितलंस, विचारलं.
“तुमी सांगाल असं वाटलं की.”
परत येशील का म्हणालो. माझी कपबशी उचलत म्हणाला, “मालकानं बोलिवलं तर बगू. पर तुमच्या शेजारी उबं ऱ्हायचं का, ते काय ठरलं न्हाय.”

१२ मार्च
मालकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, ते जास्त लागलं. विचारलं, बोटं बरी होणार का? म्हणालो, डॉक्टर सांगत नाहीत. सिद्धप्पाला निरोप धाडतो म्हणाले. मला म्हणाले, तूर्त घरी राहा.
रसूलभाई दुपारी सिद्धप्पाकडे निरोप पोचवायला गेले. संध्याकाळ झाली, अजून काही कळलं नाही.
उत्तर येईपर्यंत पट्टा लावावासा वाटत नाही, आज बसलो नाही. सौ. दोनदा विचारून गेली.