शेवटच्या पानावरची बाई

टेंभुर्णी

प्रिय अर्पिता,

सुनेला चि. सौ. लिहितात. पण सोमेश्वरचं अन् तुझं काय चाललंय ते मला कुणी सांगंना, मंग सौ. लिहू का नको? म्हणून प्रिय लिहिलं. त्यात कुणाचं काही जात न्हाई. अक्षर कोंबडीनं उकरल्यागत आहे, पण माझं आहे. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर तुझ्याआधी गावानं वाचलं असतं.

गंधाली बरी आहे. दूध पिते, भांडते, तुझ्यासारखं नाक उडवते. दिवाळीनंतर तू नोकरीला पुण्याला गेलीस, तेव्हा ठेवलेल्या पुस्तकांच्या तिनं पार चिंध्या केल्या. तू फोनवर म्हणालीस, जालन्याला जाऊन चित्रांची नवी घ्या, नीट बघून घ्या. नीट म्हणजे काय बघायचं, ते सांगितलं न्हाईस.

जुन्या जालन्यात मी जन्मभर ज्वारी अन् लुगडी घेतली. पुस्तकाच्या दुकानाची पायरी गंधालीला घेऊन पहिल्यांदा चढले. एकात अस्वलाला स्वेटर घातलेला, एकात मांजर उंदराला जेवायला बोलावते. असल्या थापा पोरीला कशाला? एक नुसत्या पुठ्ठ्याचं, जाडजूड. दुकानदार म्हणाला, मावशी, लहान मुलं चावतात म्हणून तसं. म्हटलं, आमची पोरगी चार वर्षांची आहे, वासरू न्हाई. पुस्तकाच्या मागं वय छापलेलं असतं म्हणे, झबल्यावर असतं तसं. पण झबलं अंगाला लावून तरी बघता येतं.

मंग मला येतं तसं केलं. पोत्याच्या तोंडाशी धान्य चांगलंच असतं. हात खुपसून तळातली मूठ काढायची. तसं मी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघितलं. तळ खराब निघाला की परत. एकाच्या शेवटी एस.टी., लाल लुगड्यातली बाई अन् रस्त्याकडंला हात वर केलेली पोरगी. ना वाघ, ना राक्षस. गंधालीनं पण तेच छातीशी धरलं. दुकानदार म्हणाला, यात अक्षरं न्हाईत, गोष्ट तुम्हीच सांगायची. मंग लिहिणाऱ्याला पैसे कशाचे, असं विचारलं तर हसला.

घरी आल्यावर कळलं काय घेतलं ते. गोष्ट बराबर चालते. बाई पोरीची वेणी घालते, दोघी बाजार करतात, शेंगा खातात. शेवटच्या पानाला मी अडकते. बाई एस.टी.च्या पायरीवर आडव्या अंगानं उभी. एका हातात पिशवी, दुसऱ्यानं दांडा धरलेला. गंधालीनं विचारलं, "आजी, आई चढते का उतरते?" बाई न्हाई म्हणाली, आई म्हणाली.

मी म्हटलं, चढते. तर ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उतरते. तर संध्याकाळच्या गाडीला फाट्यावर जाऊन उभी राह्यली. सगळे उतरले, गाडी गेली, तरी हलंना. ओढत आणली. सोमेश्वरला पुस्तक दाखवलं, म्हटलं, तू शिकलेला, तू सांग. त्यानं पान बघितलं, पुस्तक मिटलं अन् म्हणाला, "तिलाच विचार." अन् शेताकडं निघून गेला. नवऱ्याला ठाऊक न्हाई, सासूला ठाऊक न्हाई, अन् पोरगी मला रोज विचारून राह्यली.

म्हणून हे लिहिलं. फोनवर तू 'बघू' म्हणतेस. कागदावर 'बघू' लिहायला तुझा तुलाच कंटाळा येईल. मी तुमच्या दोघांच्या मधे पडत न्हाई अन् रागवतही न्हाई. चढली असशील तर चढले म्हण. पोरगी रडंल, मंग जेवंल. उतरणार असशील तर कधी, ते लिही. पण आज एक अन् उद्या दुसरं, हे माझ्यानं होत न्हाई. ती सगळं ध्यानात ठेवते. तोवर शेवटची दोन पानं मी पिठाच्या खळीनं चिकटवून टाकली. आत्ता गंधाली माझ्याशेजारी बसून ती पानं नखानं उकलून राह्यली आहे. जल्दी लिही.

तुझीच,
(पुढं सासू लिहायचं का, ते पण तूच कळव)
तुळजाबाई