मृणालची गाडी बर्फात

६ फेब्रु., शुक्रवार
उद्या ब्लिझर्ड, म्हणजे मोठं हिमवादळ. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत दूध संपलं, ब्रेडही. पाणी भरून ठेवलं, टॉर्चचे सेल मिळाले. मृणालची हॉस्पिटलात नाइट आहे, सकाळी सुटेल. म्हटलं, वादळ जाईपर्यंत तिथेच थांब. "बघू रे. ईरा घाबरेल." म्हणजे घरात मी कोणीच नाही! तरी तिच्या डिकीत ब्लँकेट, फावडं, खजूर टाकले.

७ फेब्रु., शनिवार
थांबली नाहीच. वादळ अंदाजाच्या आधी आलं. हायवेवर ट्रक आडवा झालाय, मागे सगळ्या गाड्या ठप्प, त्यात मृ. फोनवर म्हणाली, "बॉनेटसुद्धा दिसत नाहीये." आवाज बारीक.
म्हटलं, गाडी सोडू नको. इंजिन थोडा थोडा वेळच चालू ठेव. आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढ, नाहीतर विषारी गॅस आत येईल. काच किंचित उघडी. "नर्स मी आहे ना?" म्हणाली. जरा बरं वाटलं.
९११वाले म्हणतात, बर्फ हटवणारे प्लाऊच पोचत नाहीयेत, वेट.
दुपारी आमचीही लाइट गेली. हीटर बंद. ईराला तीन स्वेटर घालून रजईत बसवलं. "बाबा, इज आई ओके?" हो म्हणालो. माझे दात वाजत होते, थंडीनं की...
मृ.चा फोन आता लागत नाही.

तोच दिवस, संध्याकाळ
अजून नाही. दार उघडलं तर वाऱ्यानं लोटलेला बर्फ कमरेइतका. जाऊ कुठे, ईराला टाकून? मनात नको ते येतंय. लिहीत नाही.

८ फेब्रु., रविवार
आली! फायर ब्रिगेडवाल्यांनी आणून सोडली. ओठ निळे. ईरा तिला सोडेना. मी काडीनं गॅस पेटवून चहा टाकला.
चहा घेताना हळूहळू बोलली. मागच्या गाडीत एक म्हातारा एकटाच. इंजिन चालू, गाडीची मागची बाजू बर्फात गाडलेली. मृ. स्वतःचा सायलेन्सर साफ करायला उतरली तेव्हा दिसला, मान टाकलेली. फावड्यानं त्याच्या गाडीची काच फोडली, ओढत आपल्या गाडीत आणला. मदतीसाठी फोन करता करता बॅटरी गेली. मग त्याला धरून बसून राहिली. सकाळी ॲम्ब्युलन्सनं नेलं. "श्वास होता रे. पण फार थोडा."
मी चिडलो. तूच पडली असतीस तर?
"मग काय करायचं होतं?"


९ फेब्रु., सोमवार
लाइट आली. शाळा बंद. मृ.चा डोळा लागला की दचकून उठते. सकाळपासून हॉस्पिटलांना फोन. नाव माहीत नाही; पांढरी दाढी, निळं जाकीट, एवढंच सांगते. शेवटी एका ठिकाणी लागला पत्ता. तिथली बाई म्हणाली, "आर यू फॅमिली?" मृ. म्हणाली, "नो." पुढे काही सांगेनात. जिवंत आहे की नाही, तेही नाही.
आता मृ. बूट घालतेय, त्या हॉस्पिटलात जायला. रस्ते अजून निसरडे. म्हटलं, माझी गाडी काढतो, ड्राइव्ह मी करतो. ईराही जॅकेट घालून दाराशी उभी.