पहिली चकती

प्रिय ठमे,

रविवारी आपल्या गल्लीत तुझी सभा, म्हणून हे पत्र घाईने आधीच धाडतोय. फोनच केला असता, पण हल्ली मी फोन कानाला लावला की तुझा दादा शेजारी येऊन बसतो, आणि त्याच्यासमोर मला हे बोलायचं नाही.

मागे आलीस तेव्हा ओट्यावर चार वाट्या मांडून मला तुझं काम समजावलं होतंस. एक रोजगाराची, एक पिण्याच्या पाण्याची, एक मासळीची, एक खर्चाची. प्रत्येकाने आपल्या दहा चकत्या मनाला येईल तशा त्यांत टाकायच्या, आणि त्यावरून तुमची संस्था नदीचं काय करायचं ते ठरवणार. नदीपलीकडच्या देशात म्हणे लोक कडाकडा भांडले, एकमेकांच्या चकत्या पळवल्या, हसले. किती रंगून सांगत होतीस! मला तेव्हाच धडकी भरली होती, पण तुझ्या उत्साहावर विरजण नको म्हणून गप्प बसलो.

अगं शहाणे, आपल्याकडे तसं होत नाही. शिकायला बाहेर पडलीस ती विसरलीस. इथे वयाने मोठा असेल तो आधी हात घालतो आणि बाकीचे मुकाट्याने त्याच्यामागे जातात. वेगळं वागणं म्हणजे चारचौघांत त्याचा अपमान. तुला शंभर जणांची मतं मिळतील, पण ती असतील एकाच माणसाची.

वहिनीला सहावा लागलाय. नणंद फिरकत नाही म्हणून तुझ्या नावाने बोटं मोडत असते. नळाला अजून निळसर पाणी येतं. ती उकळते, गाळते, रंग काही जात नाही. पहिलं बाळ पोटातच गेलं ते या पाण्यामुळे, असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि नाही असंही म्हणत नाहीत. तिने भांडं तोंडाला लावलं की मी उठून बाहेर जातो. आणि ज्या रंगाच्या कारखान्याचं पाणी नदीत सुटतं, दादा तिथेच कामाला!

काल कारखान्याचे मॅनेजर घरी येऊन गेले. गोड बोलले. सभेला पुढच्याच रांगेत बसणार आहेत आणि दादाच्या बढतीचं त्यांच्या मनात आहे म्हणे. दादा मान खाली घालून ऐकत होता. गल्लीतले म्हातारे एकेक करून गेले, ठमे. आता सगळ्यांत मोठा मीच उरलोय, पहिली चकती माझी. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत मी दहाच्या दहा रोजगारात टाकीन, मी मला ओळखतो. फार भीती वाटते गं. म्हणून तुला हात जोडतो, वाट्यांपुढे पडदा लाव आणि एकेकाला आत सोड. पाण्याच्या वाटीत हात घालायला मला आडोसा हवाय.

तुझाच भित्रा,
बाबा