वाचन थांबतं तेव्हा

३१ ऑगस्ट २०२५, रविवार
चार महिने या वहीला हात लावला नाही. चुकलंच. पण लिहू काय? जे होतं ते मलाच आठवत नाही!
आज विहारात वर्षावासाचं वाचन करताना पुन्हा तेच. बोट एका ओळीवर होतं, मग तीन ओळी खाली. मधलं काहीच नाही. तोंडात तांब्याची चव. तिथूनच पुढे वाचत राहिलो.

३ सप्टेंबर
नागपूर. ईईजी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "फिटचे झटके असू शकतात, नसूही शकतात. त्या वेळी तुम्हाला कुणी नीट पाहिलंय का? ते कळेपर्यंत गाडी चालवू नका."
बसमध्ये साधना, बायकोच्या हक्कानं – "रिपोर्ट चांगले आहेत नं? मंग काहून डोक्यात घेऊन राहिले?"
मी नाटक तर करत नाही ना? स्वतःशीच?

४ सप्टेंबर
शाळेत मोटरसायकलनेच गेलो. साधना मागे. तिची अंगणवाडी वाटेतच पडते. रिपोर्ट नॉर्मल आहेत – हे कारण की सबब?

७ सप्टेंबर, रविवार
पुढच्या रांगेतल्या कुंताबाईंना विचारलं, मी मधेच थांबतो तेव्हा कसा दिसतो?
"आमाले का मालूम, सर! तुमी ध्यानात गेले का आमी डोळे मिटतो. पयले कसे घाईघाईनं वाचत होते. आता मस्त वाटते!"
मागून भोजराज – "मी तं झपकी बी मारून घेतो!"
तीस साक्षीदार, साठ डोळे बंद! चिडलो. पण कुणावर? 'अधूनमधून डोळे मिटून शांत बसा' हे गेल्या वर्षी मीच शिकवलं.

१४ सप्टेंबर, रविवार
कुंताबाईंच्या सुनेला, टीनाला, सांगितलं – तू डोळे मिटू नको, मोबाईल धर. आज काहीच झालं नाही! चाळीस मिनिटं धडाधड वाचलं. टीना म्हणे, "सर, हात दुखला नं माझा!"
काही झालं नाही म्हणून वाईट वाटलं. किती विचित्र.

२१ सप्टेंबर, रविवार
टीनाने व्हिडिओ पाठवला. अठ्ठेचाळीस सेकंद. डोळे उघडे, ओठ काहीतरी चघळताहेत, उजवा हात सदऱ्याची गुंडी पिळतोय. टीनाचा आवाज – "सर... ओ सर!" मला ऐकूच आला नव्हता.
नाटक नव्हतं. केवढं हायसं वाटलं! मग तो उजवा हात पुन्हा पाहिला. एक्सिलेटरचा हात. आणि मागे साधना, रोज.

उद्या : गाडीची चावी साधनाकडे देणे.