कालव्याकाठी यरुशलेम

बाबा,

त्या वर्षीच्या सुगीच्या सणाला तुम्ही जे कीर्तन केलंत, त्याबद्दल आपण दोघं नीट बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी शाळा होती, मग परीक्षा आल्या, मग माझं लग्न ठरलं, आणि तुमच्या हयातीत ते बोलणं राहूनच गेलं. आता मी तुमच्या शेवटच्या वयाच्या बरीच पुढे आले आहे, तेव्हा सुरुवात मीच करते.

लढाई नुकतीच संपली होती. साखर आणि रॉकेल अजून रेशनवर मिळायचं. बेलापूर रोड स्टेशनवर उतरून बैलगाडीने कालव्याच्या काठाकाठाने आलं की आपलं गाव. कालव्याच्या खालच्या अंगाला उसाचे मळे आणि वरच्या अंगाला तीच जुनी कोरडी, खडकाळ जमीन. तुम्ही मिशनच्या शाळेचे हेडमास्तर. चर्चचे पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले की रविवारचा उपदेशही तुमच्याकडेच. पण तुमचा खरा जीव कीर्तनात. सुगीच्या सणाला फेटा बांधून, चिपळ्या घेऊन तुम्ही चर्चसमोरच्या लिंबाखाली उभे राहायचात आणि आसपासच्या वाड्यांवरून माणसं यायची, ख्रिस्ती असोत नसोत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, बिगरीच्या वर्गाची बाई, आणि कीर्तनाला पेटीवर मीच.

त्याच सुमाराला कालव्याच्या बंगल्यात नवे ओव्हरसीयर बदलून आले. गाव त्यांना रावसाहेब म्हणायचं, तुम्हीही तेच म्हणायला लागलात. ते इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे यहुदी, अलिबागकडचे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळणारं आणि शनिवार हा देवाचा वार म्हणून घाणा बंद ठेवणारं. "आता सरकारी कालवा शनिवारी कोण बंद करणार?" म्हणून ते खंतावायचे, पण शुक्रवारी दिवेलागणीला काहीही झालं तरी घरी असायचे. मला त्यांचं केवढं अप्रूप! ज्या लोकांच्या गोष्टी मी रोज बिगरीच्या पोरांना सांगायचे, त्यांच्यातलाच एक माणूस खाकी अर्धी चड्डी आणि सोला हॅट घालून सायकलवरून आपल्या अंगणात येतो, आईच्या हातचा चहा बशीत ओतून पितो, आणि "वहिनी, आलं जरा कमी पडलं हं" असं म्हणतो!

तुमचे वाद मला अजून ऐकू येतात. तुम्ही ओसरीवर खांबाला टेकून बसला आहात, मांडीवर पवित्र शास्त्र उघडं आहे. रावसाहेब समोर बाजेवर. त्यांना पुस्तक लागत नाही. लहानपणी वडिलांनी प्रार्थना पाठ करून घेतल्या होत्या, त्यातलं इब्री, म्हणजे हिब्रू भाषेतलं एक वाक्य म्हणतात आणि मग मराठीत त्याचा अर्थ सांगतात. वाद एकच, फिरून फिरून यरुशलेमचा. तुम्ही म्हणता, ते शहर म्हणजे आता देवाच्या घरची नगरी, स्वर्गातून उतरणारी. ते म्हणतात, "मास्तर, आमचं शहर उतरत बितरत नाही. ते डोंगरावर आहे, दगडांचं आहे, तिथे आम्हाला चढून जायचंय. रोज मावळतीकडे तोंड करून मी प्रार्थना करतो ती काय ढगांकडे बघून?" मग दोघंही हसता, आणि आई आतून विचारते, "यरुशलेमवाल्यांना भाकरी टाकू का?"

त्या सणासाठी तुम्ही विषय घेतलात तोच, पवित्र नगरी. पूर्वरंगात जुनं शहर, उत्तररंगात नवं. आपण ओसरीवर तालीम करत होतो, रावसाहेब नेहमीसारखे ऐकायला बसले होते. तुम्ही रंगात आलात. चिपळ्या थांबवून हात वर केलात आणि म्हणालात, "जुनी नगरी सरली! दगडावर दगड राहिला नाही! आता तिचा शोक कशाला? नवी नगरी आपली आहे!" पेटीवर माझे स्वर चालूच होते, आणि रावसाहेब उठले. हॅट उचलली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की मला भाता थांबवावा लागला. "मास्तर, घर आमचं. आणि त्याच्या वास्तुशांतीला आम्हालाच आमंत्रण नाही?" एवढं म्हणून ते सायकलवर बसले आणि गेले.

तुम्ही आधी म्हणालात, "येतील उद्या." ते आले नाहीत. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत विलायतेकडच्या बातम्या येत होत्या, त्यांच्या लोकांना तिकडे कसं गावंच्या गावं मारून टाकलं त्याच्या. तुम्हीच मला त्या मोठ्याने वाचायला लावायचात. "सरली" हा शब्द त्या माणसाला त्या दिवसांत कसा लागला असेल, ते तुमच्या ध्यानात आलं तेव्हा तुम्ही जेवता जेवता थांबलात. पुढे रोज संध्याकाळी तुम्ही ओसरीवर बसायचात, पण बाज रिकामी असायची. उत्तररंगाची एक ओळ पुढे सरकेना.

म्हणून एका दुपारी शाळा सुटल्यावर मीच बंगल्यावर गेले. तुम्हाला विचारलं नव्हतं. रावसाहेबांच्या घरच्या काकू स्वयंपाकघरात मलिदा करत होत्या, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ. नारळ खास माहेराहून आलेला. कसला नवस फिटला होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहरा असा फुलला होता की मला विचारावंसं वाटलं नाही. (पुढे पावसाळ्यात त्यांना मुलगी झाली तेव्हा कळलं.) मूठभर मलिदा माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "तुझ्या काकांचं मनावर घेऊ नकोस गो. आमच्या वल्हांडण सणाच्या जेवणाला शेवटी सगळे म्हणतात, पुढच्या वर्षी यरुशलेमात. मी आपली हळूच पुढे जोडते, देवा, त्याआधी अलिबागला बदली होऊ दे." मी हसले ते मलिदा घशात अडकेपर्यंत. तेवढ्यात रावसाहेब आत आले. मला वाटलं होतं रागावतील. पण ते दारातच पाटावर बसले आणि म्हणाले, "तुझ्या बाबांच्या नगरीत रस्ते सोन्याचे ना? पोरं घसरून पडतील. आमच्या एका संदेष्ट्याला देवाने दाखवलेलं शहर सांगू? गल्ल्यांत म्हातारेकोतारे काठी घेऊन उन्हाला बसलेत, आणि रस्ताभर मुलं-मुली खेळताहेत. संपलं. देवाला शहर म्हणजे एवढंच पाहिजे. ते आम्हाला अजून मिळालेलं नाही, आणि मास्तर म्हणतात सरलं."

घरी येऊन मी तुम्हाला शब्दन्‌शब्द सांगितलं. सोन्याच्या रस्त्यावर तुम्ही हसाल वाटलं होतं, पण तुम्ही हसला नाहीत. "शास्त्राचं शेवटचं पुस्तक वाच," म्हणालात, "नगरीचं प्रकरण. सावकाश." मी वाचत गेले. उंच भिंत, बारा वेशी, वेशींवर बारा देवदूत, आणि वेशींवर लिहिलेली नावं. तुम्ही एकदम सरळ बसलात. "थांब. कोणाची नावं?" मी पुन्हा वाचलं. इस्राएलाच्या बारा वंशांची. "परत वाच." परत वाचलं. बाबा, ते प्रकरण तुम्ही जन्मभर वाचत आला होतात, त्यावर उपदेश केले होते, आणि त्या दुपारी तुम्ही माझ्याकडे असे बघत होतात, जशी मी ती ओळ आत्ताच घरात आणली होती. मग म्हणालात, "अगं, आमंत्रण कसलं? दारांवर पाट्याच त्यांच्या आहेत!" आणि उठून निघालात. डोक्याला फेटा नाही, पायात आईच्या वहाणा. शास्त्र काखेत मारून मी तुमच्या मागे धावत होते.

बंगल्याच्या पायरीवर तुम्ही आधी हात जोडलेत. "रावसाहेब, माझं चुकलं. शब्द चुकला, आणि वाचनही चुकलं." मग मला म्हणालात, वाच. रावसाहेबांनी ख्रिस्ती शास्त्राचं ते शेवटचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. ऐकता ऐकता त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग आत हाक मारली, "अगं, बाहेर ये! मास्तरांच्या स्वर्गात आपल्या नावाच्या पाट्या लागल्यात!" काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. पण रावसाहेब इतक्या सहज विरघळणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पुढचंही वाचायला लावलं, आणि त्या नगरीत मंदिर नाही हे ऐकल्यावर बोट उभं केलं. "हे मला पटत नाही. मंदिराशिवाय यरुशलेम नाही." तुम्ही म्हणालात, "आणि ख्रिस्ताशिवाय माझ्याच्याने सांगवणार नाही." मग तुम्ही म्हणालात, "मग असं करू. पूर्वरंग तुम्ही सांगा, उत्तररंग मी. जिथे जुळत नाही तिथे नाही जुळत."

पाळकसाहेबांना हे समजावणं सोपं नव्हतं. "जे प्रभूला मानत नाहीत त्यांना आपल्या अंगणात उभं करायचं?" त्यांनी विचारलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "प्रभू ज्या शहराकडे बघून रडला, त्या शहराबद्दल यांच्याहून जवळचं कोण बोलणार?" पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "चर्चच्या आत नको. लिंबाखाली चालेल." कीर्तन दरवर्षी लिंबाखालीच व्हायचं, हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत.

सणाच्या दिवशी उन्हं कलली. लोकांनी ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, गुळाच्या ढेपा आणून लिंबाखाली मांडल्या. मी पेटी लावली. तेवढ्यात कालव्यावरचा पाटकरी धापा टाकत आला. "मास्तर, रावसायेब न्हाई येत. वरल्या टोकाला कालवा फुटलाय. समदी मानसं घिऊन तकडं गेल्यात." लोक चुळबुळ करायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, म्हणालात, "काळी दोनची पट्टी लाव," आणि उभे राहिलात. मग तुम्ही रावसाहेबांचं शहर सांगायला लागलात. तुमचं नाही, त्यांचं. डोंगरावरचं, दगडांचं, चढून जायचं. नदीकाठी परमुलखात बसून त्या शहराच्या आठवणीने रडणारी माणसं, जगाच्या पाठीवर कुठेही असली तरी त्या दिशेला तोंड करून उभी राहणारी माणसं, कोकणातल्या नारळीच्या बागेत सुद्धा. काठी टेकून उन्हाला बसलेले म्हातारे, गल्लीतली पोरं. "हे शहर सरलेलं नाही," तुम्ही म्हणालात. पाळकसाहेब पुढच्याच सतरंजीवर होते. मान डोलवत होते.

पुढच्या रांगेतून एका म्हातारीने हात वर केला. वरच्या वाडीची, जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेली. "मास्तर, समदं ब्येस हाय. पर डोंगरावर गाव म्हंता, मंग तितं पानी हाय का?"

लोक हसले. तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत, आणि मागून आवाज आला, "आहे आजी. पाणी आहे."

रावसाहेब. मांडीपर्यंत चिखल, हॅट कुठेतरी पडलेली, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. फूट बुजवून तसेच सायकलवर आले होते, आणि केव्हापासून मागे उभे राहून ऐकत होते देव जाणे. माणसांनी वाट करून दिली. ते म्हातारीसमोर येऊन उकिडवे बसले आणि जणू तिलाच सांगू लागले. एका संदेष्ट्याने पाहिलं, मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघालंय. आधी बारीक झरा. पुढे मापून बघतो तर घोट्याइतकं. आणखी पुढे कंबरेइतकं. आणखी पुढे पोहल्याशिवाय पार होता येणार नाही अशी नदी. ती उगवतीकडे उतरते आणि खाऱ्या समुद्राला जाऊन मिळते, आणि आजी, तो समुद्र गोडा होतो! त्यात मासळी होते, काठावर कोळी जाळी वाळत घालतात! मासळीच्या नावासरशी त्यांचा चेहरा असा उजळला की आपल्या कोरड्या मुलखातल्या माणसांनाही तोंडाला पाणी सुटलं असेल. म्हातारीने विचार केला आणि निकाल दिला, "मंग व्हय. मंग ऱ्हाता यील." अख्खं अंगण हसलं. मी पेटीवर डोकं टेकून हसत होते.

पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात. पंचांनी हार पुढे केला, तुम्ही तो घेतलात आणि रावसाहेबांच्या गळ्यात घातलात. झेंडूची फुलं आणि चिखलाचा शर्ट. मग तुम्ही म्हणालात, "आता याच नदीचं पुढचं ऐका," आणि उत्तररंग सुरू केलात, सिंहासनापासून निघणारी ती नदी, काठावरचं झाड, कधीच बंद न होणाऱ्या वेशी, आणि त्यांवरची नावं. ती नावं तुम्ही एकेक करून घेत होतात आणि रावसाहेब शेजारी उभे राहून झांजा वाजवत होते, तालात नव्हत्याच, पण जोरात. तुम्ही ख्रिस्ताचं नाव घेतलंत तेव्हा त्यांनी झांजा थांबवल्या, खाली बघत उभे राहिले, आणि पुढचं कडवं आल्यावर पुन्हा सुरू केल्या. तुम्हीही ते पाहिलंत. त्या दिवशी मला कळलं की दोन माणसं एका गोष्टीवर न जुळताही एकाच गाण्यात उभी राहू शकतात, आणि त्याने गाणं बिघडत नाही.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली, मग ते सगळेच इस्राएल देशाला गेले. काकूंना अलिबाग मिळालं नाही, यरुशलेमच मिळालं. तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्या उशाशी होते. कोणत्या नगरीत पोचलात ते काही मी विचारणार नाही.

आज हे लिहायचं कारण वेगळंच आहे. माझा नातू चर्चच्या मंडळीतल्या लोकांना घेऊन पवित्र भूमीच्या यात्रेला निघालाय. "आजी, तुझं तिकीट मी काढतो, चल," म्हणून आठवडाभर मागे लागला होता. मी गुडघ्यांचं निमित्त पुढे केलं. त्याने डॉक्टरांना विचारलं, चाकांच्या खुर्चीची सोय केली, तरी मी नाहीच म्हणाले. कारण मी यरुशलेम पाहिलेलं आहे बाबा, लिंबाखाली, आणि ते मला दुसऱ्या कशाने पुसून घ्यायचं नाही. हे त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. गुडघे माझे अगदी ठणठणीत आहेत.