विहिरीकाठचा दगड आणि चांगुणाबाईंचे नाव

मी, नागनाथ लिंबाजी वाव्हळे, वय वर्षे चौसष्ट, धर्म बौद्ध, धंदा दगडावर अक्षरे कोरणे, राहणार पूर्णा, रेल्वे फाटकाजवळची वस्ती, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. मला कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. डोळे मात्र दगडाच्या भुकटीने अधू झाले आहेत आणि हाताला कंप आहे, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या म्हणून लिहिणाऱ्याचे मनही वाकडे होते असे कोणी समजू नये. निजामी अमलातल्या कागदांत माझे नाव 'नागनाथ वल्द लिंबाजी' असे लागलेले आहे, तो मीच. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम पहिले. माझे राहते घर, दोन खोल्या, पुढचे छपर व मागची मोरी, तसेच पोस्टाच्या पुस्तकात जे काही निघेल ते, माझी पत्नी मालनबाई हिचे आहे. हे लिहायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "कागद कशाला करायलाव? मला काय कुणी घराभाईर काढायलंय का?" काढू नये म्हणूनच करतो आहे. या घराच्या पायातला प्रत्येक दगड तिने डोक्यावर वाहिला. मी फक्त रचला. तिच्या पश्चात घर आमची एकुलती एक मुलगी झुंबर हिच्याकडे जावे.

कलम दुसरे. माझी हत्यारे, म्हणजे लहानमोठ्या अकरा छिन्न्या, दोन हातोड्या, काटकोन बघायचा गुण्या आणि अक्षरे आखायची पितळी पट्टी, ही सर्व झुंबरला द्यावीत. माझा पुतण्या पंडित म्हणतो की हत्यारे घराण्यातल्या पुरुषाकडे जातात. पंडितला मी तीन वर्षे शिकवले. त्याच्या हातून 'क्ष' काही उमटला नाही. झुंबर मात्र दळण आणायला जाताना माझ्यामागे उभी राहून बघायची आणि एक दिवस तिने माझ्या मापाने 'ज्ञ' कोरून दाखवला. गेली सहा वर्षे माझ्या नावावर जे काम गावात जाते त्यातले निम्मे तिच्या हातचे आहे. गिऱ्हाइकांना आता कळले तरी हरकत नाही.

त्या हत्यारांत एक बारीक छिन्नी माझे उस्ताद मौलासाब यांची आहे. ते कबरीवरचे दगड कोरायचे. आमच्या जातीच्या पोराला हाताखाली घेणारे त्या वेळी पूर्ण्यात ते एकटेच. मला तेव्हा एकही लिपी वाचता येत नव्हती. उर्दू अक्षरे मी चित्रासारखी कोरायचो. हात जरा ढळला की म्हणायचे, "सीधा चला बेटा. मरे सो आदमी का नाम टेढा नै होना." ती छिन्नी झुंबरने कोणालाही उसनी देऊ नये.

कलम तिसरे. रेल्वे यार्डाच्या उत्तरेला एक जुनी विहीर आहे. ती विहीर व तिच्या भोवतीची दोन गुंठे जागा माझ्या नावावर आहे. ही जागा विकू नये, गहाण टाकू नये, तिच्यावर घर बांधू नये. का, ते सविस्तर लिहितो, कारण पुढच्यांना तिथे नुसते गवत दिसेल.

सन १९४३ मध्ये तिथे आमच्या लोकांचे विद्यार्थी बोर्डिंग उभे राहिले. शाळा पूर्ण्यात होती, पण पालम, गंगाखेडकडच्या खेड्यांतून आलेल्या आमच्या पोरांना गावात कोणी ओसरीसुद्धा देत नव्हते. रुळांवर काम करणाऱ्या गँगमन लोकांनी रेल्वेचे टाकाऊ लाकडी स्लीपर आणि पत्रे मिळवून एक लांब छपरी उभारली. घराघरातून मूठ मूठ जोंधळा यायचा. सूर्यभान मास्तर पोरांचा अभ्यास घ्यायचे. मी तीस वर्षांचा बाप्या, काम आटोपून मागच्या रांगेत बसायचो आणि तिथेच वाचायला शिकलो. तोवर कितीतरी मेलेल्यांची नावे कोरली होती. एकही वाचलेले नव्हते.

पालमकडून चांगुणाबाई नावाची एक विधवा आपल्या गंगारामला बोर्डिंगात सोडायला आली आणि पोरांचे रांधायला तिथेच राहिली. पोरगा हुशार होता. दुसऱ्या वर्षी पटकीच्या साथीत तो दोन दिवसांत गेला. आम्हाला वाटले बाई आता गावी जाईल. तिसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटलेली दिसली. ती एवढेच म्हणाली, "बाकीची पोरं उपाशी हायती." आल्या दिवसापासून तिने पुरी एकोणीस वर्षे तिथे रांधले. गावच्या विहिरीवर आम्हाला पाणी मिळत नसे. तेव्हा वस्तीतल्या बायांना गोळा करून तिनेच ही विहीर खणायला घेतली. अठ्ठेचाळीस सालच्या रझाकारांच्या धामधुमीत बोर्डिंग बंद पडले आणि पाच पोरांना जायला गाव उरले नव्हते. त्यांना घेऊन ती आडवाटेने तीन दिवस चालत पालमला भावाकडे गेली. दिवाळीनंतर परत आली ती पाचही पोरे घेऊन. त्यातला एक पुढे औरंगाबादच्या नागसेनवनातल्या कॉलेजात शिकला आणि आज वकील आहे.

आता माझा गुन्हा लिहितो. सेहेचाळीस साली कमिटीने बोर्डिंगच्या दारावर लावायला एक शिळा कोरवून घेतली. नऊ पुरुषांची नावे. मी शेवटचे नाव कोरत होतो, तेव्हा चांगुणाबाई पिठाच्या हाताने बाहेर आली.

"काय लिव्हलंय रं, नागनाथ?"

मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवले. वाचायला नवा शिकलो होतो.

"माजं न्हाई का त्यात?"

"माय, सैपाक करणाराचं नाव दगडावर नसतंय."

ती रागावली नाही. "बरं," म्हणाली, "चल मग जेवायला. भाकर गार व्हायलीय." आणि मी गेलो, जेवलो, आणखी कालवण मागून घेतले. छिन्नी माझ्या हातात होती, दगडावर जागा होती, आणि कोणी अडवायला नव्हते. हे मी एकतीस वर्षे कोणाला सांगितले नाही. मालनबाईलाही गेल्या महिन्यात कळले, ते पाचव्या कलमात येईल.

पासष्ट साली सरकारी वसतिगृह झाले आणि बोर्डिंग मोडले. जागा एका व्यापाऱ्याने घेतली. त्याच्या घराच्या पायऱ्या आणि फरशी मी बसवून दिली आणि त्या बदल्यात विहीर व ही दोन गुंठे जागा रीतसर माझ्या नावावर करून घेतली. चांगुणाबाई त्याआधीच, बासष्ट साली, पालमला भाची वच्छलाबाई हिच्याकडे राहायला गेली होती. एकाहत्तर साली मी तिला शेवटचे भेटलो. तिला दिसत नव्हते. तरी माझा हात चाचपून तिने एकेका पोराचे नाव घेऊन विचारले, हा कुठे आहे, त्याला लेकरे किती. शिळेची गोष्ट माझ्या ओठावर आली होती. तिने शिळा सोडून सगळ्यांची विचारपूस केली, आणि मी बोललो नाही. त्याच उन्हाळ्यात ती वारली.

कलम चौथे. ती जुनी शिळा बोर्डिंग मोडताना नाहीशी झाली. सात वर्षांनी मला ती पंडितच्या मोरीत पालथी सापडली. त्याची बायको तिच्यावर धुणे धूत होती. पंडितला आपण काय उचलून आणले याचा पत्ता नव्हता, म्हणून मी त्याला माफ केले, पण पूर्ण नाही. त्याने ती शिळा विहिरीवर आणून द्यावी. सुनेची अडचण होऊ नये म्हणून मी धुण्यासाठी चांगला खडबडीत दगड घडवून ठेवला आहे. तो माझ्या छपरात डाव्या हाताला आहे. त्यावर काही लिहिलेले नाही.

कलम पाचवे. तात्याराव यांच्याविषयी. हे बोर्डिंगमधून मॅट्रिक झालेले पहिले विद्यार्थी, पुढे बोर्डिंगचे सेक्रेटरी, आणि हल्ली गंगाखेडला हेडमास्तर. पंचाहत्तर साली त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना जमवून ठरवले की विहिरीपाशी बोर्डिंगच्या आठवणीचा दगड उभारायचा. मला फार आनंद झाला. शहाबादहून आलेली सहा फुटी फरशी मी निवडून ठेवली. मग त्यांनी मजकूर आणला. तीच नऊ नावे, वर सनावळी.

मी म्हणालो, "तात्या, वरती चांगुणाबाईचं नाव पाहिजे."

"काका, हे स्मारक आहे. इथं संस्थेचा इतिहास येतो, सैपाकघर न्हाई."

माझेच वाक्य मला परत ऐकू आले. मी छिन्नी खाली ठेवली आणि म्हणालो, सात वर्षं तिच्या हातचं खाल्लंस, आता ऊठ माझ्या छपरातून. दीड वर्ष आम्ही बोललो नाही. फरशी भिंतीला टेकून कोरी राहिली. झुंबरच्या लग्नकार्यात मी त्यांना पहिल्या पंगतीला बसवले होते. तिच्या लेकीच्या नाव ठेवण्याला बोलावलेसुद्धा नाही. ते माझे चुकले.

गेल्या महिन्यात भर दुपारी ते एसटीने आले. पाणीही न पिता छपरात बसले. मग म्हणाले, "काका, चांगुणाबाई पालमला आपली आपण गेली असं तुमाला वाटतंय ना?"

"मग?"

"मी काढली तिला. बासष्टला. डोळ्यांनी दिसंना, भाजीत खडे यायलेत म्हणून पोरांनी तक्रार केली. मी कमिटीचा ठराव लिव्हला, आन् तिला वाचता येत न्हाई म्हणून मीच तिला वाचून दाखवला. तिचं नाव तिथं कोरलं, तर जवा जवा वाचीन तवा मला तो ठराव वाचावा लागंल."

तात्याराव रडले. हेडमास्तर माणूस, धोतराच्या सोग्याने नाक पुसत होता. मी त्यांना सेहेचाळीस सालची हकीकत सांगितली. मालनबाईने दोघांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "आता रडून झालं आसंल तर दोघं मिळून लिव्हा की तिचं नाव." त्याच बैठकीत मजकूर ठरला. या कलमातली हकीकत तात्यारावांच्या परवानगीने लिहिली आहे. आमच्यातली तेढ मिटली असून माझ्या वारसांनी ती पुन्हा उकरू नये.

कलम सहावे. माझा हात चालत नसल्याने दगड झुंबरने कोरावा. मजकूर असा:

'चांगुणाबाई यांनी १९४३ ते १९६२ या जागी रांधले व मुले सांभाळली. ही विहीर वस्तीतल्या बायांनी खणली. येथील बोर्डिंग आपल्या माणसांनी मूठ मूठ धान्यावर १९६५ पर्यंत चालवले. दोनशे चौदा मुले येथून शिकून गेली.'

खाली गंगारामचे नाव वेगळ्या ओळीत घ्यावे. तो शिकून गेला नाही, पण इथलाच आहे. दगड बायांच्या डोळ्यांच्या उंचीला बसवावा. शेंदूर लावू नये, हार घालू नये, उद्घाटनाला पुढारी आणू नये. जुनी नऊ नावांची शिळा शेजारी आडवी ठेवावी. त्या नऊ जणांनीही कष्ट केले आहेत आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. देखरेख झुंबर व तात्याराव यांनी करावी. विहिरीचे पाणी कोणीही भरावे. जात विचारू नये, मागे आमची विचारली त्यांचीसुद्धा.

कलम सातवे. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. माझ्या नावाचा दगड करू नये. मालनबाईने चुडा फोडू नये; तिला हिरवा रंग शोभतो.

वरील सर्व मी आठ दिवस बसून लिहिले, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले, आणि त्यांच्यादेखत खाली सही केली.

नागनाथ लिंबाजी वाव्हळे
मुक्काम पूर्णा, जिल्हा परभणी
दिनांक २० फेब्रुवारी १९७७

साक्षीदार पहिली: वच्छलाबाई, राहणार पालम, चांगुणाबाईंची भाची. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. मृत्युपत्र ऐकून म्हणाल्या, "मावशीला ऐकाया पायजे व्हतं."

साक्षीदार दुसरा: तात्याराव, राहणार गंगाखेड. मृत्युपत्र मी ऐकले व वाचले. लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. पाचव्या कलमातील माझ्याविषयीचा मजकूर खरा आहे, पण अपुरा आहे, म्हणून पुढील दोन वाक्ये माझ्या अक्षरात जोडतो. ठराव वाचून झाल्यावर चांगुणाबाईंनी मला एकच विचारले होते, "मग उद्या सकाळी पोरांस्नी कोण उठवील?" मी कागदाची घडी घातली आणि निघून गेलो. सही.