पुलाअलीकडचा थांबा

प्रिय शाओबो,

आजीला विसरलास ते बरंच केलंस, डोक्यात तेवढीच जागा मोकळी झाली. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि शेजारची फांगबाई लिहितेय. मध्येच हात थांबवून माझ्याकडे बघते. लिही गं बाई, भिऊ नकोस.

दर आठवड्याला मी बसने नदीपलीकडे, तुझ्या आजोबांच्या थडग्याशी जाते. चढताना कार्ड टेकवलं की यंत्र 'ज्येष्ठ कार्ड' म्हणून ओरडतं, साऱ्या बसला आपलं वय कळवतं. हिवाळ्यापासून ते माझ्यामागे आणखी एकदा ओरडायला लागलंय. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, एकदाच लावा हो, दोन जागा नाही मिळायच्या." मी एकदाच लावते. मागे कुणी नसतं. पण कितीही गर्दी असो, शेजारच्या जागेवर कुणी बसत नाही. लोक वाकतात, कुणाला तरी "माफ करा" म्हणतात आणि पुढे सरकतात. पुलाच्या अलीकडे, कुणीही घंटी वाजवलेली नसताना मागचं दार आपोआप उघडतं. "कोण उतरतंय?" ड्रायव्हर खेकसतो. दार मिटतं, आणि लगेच एखादी पोर त्या जागेवर धपकन बसते.

आजोबांचा रक्षाकलश तू मोबाइलवरून बोलावलेल्या गाडीतून नेलास. पूल आला की कलश नेणाऱ्याने हाक मारायची असते, "आजोबा, पूल आलाय, चला." नाहीतर गेलेल्या माणसाला पाणी ओलांडता येत नाही. मी मागच्या गाडीत होते. परवा तुझ्या आईने सांगितलं, पूल संपेपर्यंत तू ऑफिसशी फोनवर बोलत होतास. मी बसमधून हाका मारून पाहिल्या. माझं ऐकायची सवय त्यांना जिवंतपणी नव्हती, आता कुठून लागणार?

तेवढ्यासाठी मी फांगबाईला त्रास दिला नसता. पण गेल्या खेपेला दार उघडलं आणि मीही उठले. पायरीवर पाय ठेवला तेव्हा ड्रायव्हर ओरडला, "आजी, तुमचा थांबा पलीकडे!" थांब्यावर कुणी नव्हतं, तरी माझा हात कुणीतरी धरला होता, आणि तो हात थंड नव्हता. शाओबो, मला अजून उतरायचं नाहीये. ये, माझ्याबरोबर बसमध्ये चढ आणि पूल आला की त्यांना हाक मार. लोक हसले तर हसू देत. पलीकडे पोचल्यावर त्यांना भूक लागेल. भाजलेलं बदक आधीच कुरिअरने पाठव, बरोबर आणलंस तर वाटेतच संपवशील. आणि एकाच माणसापुरतं पाठव, मी घरी जेवते.

तुझीच,
आजी